वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की आकाशात काळा पट्टा येतो: कारण आणि इलाज

लक्षण नेहमी एकच असतं. १६-३५ किंवा १०-२० मिमीची वाइड लेन्स, पुढे सर्क्युलर पोलरायझर (चकाकी कापणारा आणि निळं आकाश गडद करणारा फिरता फिल्टर), वर स्वच्छ निळं आकाश. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडला की आकाशात एका ठिकाणी शाई सांडल्यासारखा गडद पट्टा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आकाश विटलेलं, पांढुरकं. मग शंकांची रांग लागते. फिल्टर स्वस्तातला घेतला म्हणून का? लेन्समध्ये दोष आहे का? सेन्सरवर काही बसलंय का? हा प्रश्न मला इतक्या जणांनी फोटो दाखवून विचारलाय की एकदा सगळं नीट लिहून काढतो.

उत्तर आधीच सांगतो. फिल्टर ठीक आहे, लेन्सही ठीक आहे. तो पट्टा खरोखरच आकाशात असतो, एरवी आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतकंच. वाइड लेन्स आकाशाचा एवढा मोठा तुकडा एका फ्रेममध्ये घेते की पट्टा आणि त्याच्या शेजारचं साधं आकाश दोन्ही एकत्र येतात. म्हणून महागडा फिल्टर घेऊन हा त्रास जात नाही. उलट चांगला फिल्टर पट्टा आणखी ठळक करतो.

माझ्याकडचं उदाहरण राजगडाचं आहे. ऑक्टोबरचा मध्य, पाऊस नुकताच सरलेला, हवा धुऊन काढल्यासारखी. सकाळी आठच्या सुमाराला पद्मावती माचीवर उभा होतो. उत्तरेला जरा उजवीकडे सिंहगड आणि त्याच्यावरचा टॉवर स्पष्ट दिसत होता. फुल फ्रेम कॅमेरा (सेन्सर ३५ मिमी फिल्मएवढा), १६ मिमी, पोलरायझर पूर्ण जोरावर, म्हणजे आकाश सर्वांत गडद दिसेल असा फिरवलेला. सिंहगड फ्रेमच्या मधोमध ठेवून पंधरा-वीस फोटो घेतले. घरी पाहिलं तर सिंहगडाच्या थोडं डावीकडून एक गडद निळा खांब वर चढलेला, वर जाता जाता डावीकडे कललेला. फ्रेमच्या उजव्या कडेचं आकाश दुधासारखं. एकाही फोटोत आकाश सारखं नव्हतं. त्या दिवशी सूर्य कुठे होता ते नंतर मांडून पाहिलं आणि कोडं सुटलं. सूर्य पूर्वेच्या किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण २० अंश वर होता. त्याच्यापासून ९० अंश मोजले की बरोबर सिंहगडाच्या डावीकडची जागा येते. खांब डावीकडे कलला होता कारण सूर्य उजवीकडे तेवढाच वर आला होता.

आधी निदान करा

काळेपणा दोन जातींचा असतो आणि दोहोंचे उपाय वेगळे. म्हणून आधी ओळख पटवून घ्या. कॅमेरा न हलवता फिल्टर पाव फेरी फिरवा आणि दुसरा फोटो घ्या. काळेपणा फिका झाला, सरकला किंवा गेला, तर तो आकाशाचा पट्टा. फिल्टर कसाही फिरवला तरी चारही कोपरे तसेच काळे राहिले, तर ती फिल्टरच्या रिंगची सावली. रिंगची सावली छिद्र लहान केलं, म्हणजे एफ/११ किंवा एफ/१६ ला गेलं, की जास्त धारदार दिसते. लेन्सचा स्वतःचा कोपऱ्यातला अंधार मात्र छिद्र लहान केलं की निवळतो. या दोन चाचण्यांना दोन मिनिटं लागतात आणि उगाच दुकानाची फेरी वाचते.

पट्टा येतो कुठून

सूर्याचा प्रकाश हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतो. विखुरताना त्याच्या कंपनांना दिशा मिळते, म्हणजेच तो ध्रुवीकृत होतो. सूर्याकडे पाहिलं किंवा सूर्याच्या बरोबर उलट दिशेला पाहिलं, तर हे प्रमाण नगण्य असतं. सूर्यापासून ९० अंशांवर ते सर्वांत जास्त असतं, अगदी स्वच्छ हवेत तीन-चतुर्थांशाच्या आसपास. या ९० अंशांच्या जागा जोडल्या तर आकाशाला एक कंबरपट्टा पडतो. मधमाश्या याच ध्रुवीकरणावरून दिशा ओळखतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिलं. आपल्याला तो पट्टा पाहायला फिल्टर लागतो.

आता लेन्सचा हिशेब. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्स आडवी ४० अंशांची फ्रेम घेते. ३५ मिमीला ५४ अंश, २४ मिमीला ७४ आणि १६ मिमीला ९७. म्हणजे १६ मिमीच्या एका फ्रेममध्ये सूर्याजवळचं बिनध्रुवीकरणाचं आकाश आणि ९० अंशांवरचा पट्टा दोन्ही मावतात. ५० मिमीत मावत नाहीत, म्हणून तिथे पोलरायझर आकाश सारखं गडद करतो आणि सगळे त्याचं कौतुक करतात. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरवर, १८-५५ चं १८ मिमी म्हणजे साधारण २७ मिमीच्या तोडीचं. तिथेही पट्टा जाणवायला लागतो, पण निभावतं. माझ्या अनुभवात फुल फ्रेमवर २८ मिमीच्या खाली उतरलं की आकाशासाठी पोलरायझर लावताना जपावं लागतं, आणि २० च्या खाली तर आकाशासाठी तो लावूच नये.

जागेवर पट्टा शोधायला हात पुरतो. अंगठा आणि तर्जनी यांचा काटकोन करा. तर्जनी सूर्याकडे धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून फिरेल तिथे तिथे पट्टा आहे. फ्रेम लावायच्या आधी मी हे हमखास करतो. सूर्याकडे नजर लावून बघू नका, बोटाची सावली पुरेशी असते.

आपल्याकडे सूर्य कधी कुठे असतो ते पाहा

पुस्तकांतले आणि व्हिडिओंतले बरेचसे सल्ले युरोप-अमेरिकेतल्या सूर्याचे असतात. तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही. आपल्याकडे येतो, आणि त्यामुळे पट्ट्याचं वागणं वेगळं असतं.

सकाळी आणि संध्याकाळी सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा पट्टा उत्तर-दक्षिण, डोक्यावरून जाणारा आणि उभा असतो. म्हणून सोनेरी उन्हात उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून घेतलेल्या वाइड फोटोत तो खांबासारखा उभा राहतो. सह्याद्रीची मुख्य धार दक्षिणोत्तर आहे. कड्याच्या कडेला उभं राहून रांगेच्या दिशेने कॅमेरा लावला की तोंड आपोआप उत्तरेला किंवा दक्षिणेला होतं. आपल्या ट्रेकच्या फोटोंत हा खांब इतका का सापडतो, त्याचं हे कारण.

दुपारी चित्र पालटतं. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्याजवळ भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ६३ अंश उंचीवर असतो. उत्तरेला तोंड केलं तर पट्टा क्षितिजाच्या वर २७ अंशांवर, कमानीसारखा पण बराचसा आडवा येतो. फ्रेमच्या डावी-उजवीकडे फारसा फरक दिसत नाही. आकाश खालून वर जाताना बदलतं, आणि ते डोळ्याला स्वाभाविक वाटतं. मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, भर दुपारी पट्टा थेट क्षितिजावर गोल फिरतो. त्या वेळी कोणत्याही दिशेला वाइड लेन्स लावा, खांब येणार नाही. अडचण एवढीच की मे महिन्यात क्षितिजालगत धुरकट असतं आणि धूळ ध्रुवीकरण मारून टाकते. म्हणजे पट्टाही नाही आणि निळाईही नाही. पाऊस सरल्यानंतरचे दोन महिने या कामाला सर्वांत चांगले.

राजगडावर त्याच जागेवरून दुपारी सव्वाबाराला घेतलेल्या फोटोंत आकाश खरोखर सारखं आलं. पण ऊन इतकं टळटळीत होतं की माचीच्या तटबंदीचा दगड सपाट दिसत होता. मला विचाराल तर मी सकाळचा प्रकाश सोडणार नाही, फिल्टर सोडीन.

जागेवर करायचे उपाय

पहिला उपाय म्हणजे पोलरायझर पूर्ण जोरावर न ठेवणं. सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट यांच्यात ९० अंशांची फेरी असते. गडद जागेपासून २०-३० अंश मागे घेतलं की पट्टा उतरतो आणि ४५ अंशांवर जवळजवळ नाहीसा होतो. यात एक गोम आहे. रुंद फ्रेममध्ये ध्रुवीकरणाची दिशा सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे फिल्टर मागे घेताना कधी पट्टा फिका व्हायच्या ऐवजी बाजूला सरकतो. म्हणून फिरवताना नजर फ्रेमच्या मध्यावर न ठेवता आकाशाच्या दोन्ही टोकांवर ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर दृश्य बघत, हे नीट कळतं. उन्हात पडद्यावर टोपीची सावली धरली तर आणखी चांगलं.

दुसरा उपाय फ्रेमचा. आकाश कमी घ्या. क्षितिज वरच्या कडेजवळ ठेवलं आणि आकाशाची बारीक पट्टीच उरली, तर पट्टा असूनही खटकत नाही. ढग असतील तर ते फरक झाकतात, कारण पट्ट्याची कड नजरेला सापडत नाही. कोऱ्या निळ्या आकाशात मात्र लपायला जागा नसते.

तिसरा उपाय मी सर्वांत जास्त वापरतो: दोन फ्रेम. ट्रायपॉड लावायचा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही हाताने पक्के करायचे आणि रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) घ्यायचं. एक फोटो पाणी, दगड, पानं यांच्यासाठी फिल्टर पूर्ण फिरवून. दुसरा फिल्टर ४५ अंश मागे घेऊन, आकाशासाठी. घरी दोन थर एकावर एक ठेवून खालचा भाग पहिल्यातून आणि आकाश दुसऱ्यातून घ्यायचं. फिल्टर काढून दुसरा फोटो घेतला तरी चालतं. पण पोलरायझर दीड स्टॉपच्या आसपास प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा शटर वेगवान करावा लागतो, आणि फिल्टर काढताना कॅमेरा हलण्याचा धोका असतो. म्हणून मागे घेणंच सोपं.

पॅनोरामा करायचा असेल तर पोलरायझर काढून पिशवीत ठेवा. यात तडजोड नको. सहा उभ्या फ्रेम जोडल्यावर आकाशात एक काळा डोंगर तयार होतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने सरळ होत नाही.

फोटो आधीच बिघडला असेल तर

लाइटरूममध्ये आकाशाचं मास्क करा, मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या फिकट भागावर एकेक लिनिअर ग्रेडियंट बाहेरून आत ओढा आणि एक्स्पोजर थोडं खाली आणा. पट्टा उजळवण्यापेक्षा कडा गडद करणं बरं, कारण गडद निळ्यात उजळवताना दाणे आणि रंगांच्या पायऱ्या दिसू लागतात. नुसत्या एक्स्पोजरने जमत नाही. पट्ट्यातला निळा जास्त पक्का असतो, म्हणून कडांना सॅच्युरेशन किंचित वाढवावं लागतं आणि टेंपरेचर थोडं निळ्याकडे न्यावं लागतं. डोंगरमाथ्यावरून ग्रेडियंट गेला तर तिथे मास्क वजा करा. राजगडाच्या त्या फोटोंपैकी एक मी असा सावरला. त्याला अर्धा तास लागला, आणि पट्टा कुठे होता ते मला अजूनही दिसतं.

मग वाइड लेन्सवर पोलरायझर लावायचा तरी कशाला

आकाशासाठी नाही, बाकी सगळ्यासाठी. पाणी, ओला कातळ, पानांवरची चकाकी, डबकी, ओलं गवत. ही कामं सॉफ्टवेअर करू शकत नाही, कारण चकाकीखाली दडलेला रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो.

पावसाळा हा या जोडीचा खरा हंगाम. आभाळ भरलेलं असलं की आकाशाचं ध्रुवीकरण जवळजवळ संपतं, पट्ट्याची भीती उरत नाही. १६ मिमी लावा, फिल्टर बिनधास्त पूर्ण फिरवा. भंडारदऱ्याच्या बाजूला ओढ्याकाठी बसून एकदा नेच्याच्या एका पानावर हे करून पाहिलं. फिल्टरशिवाय पान राखाडी-पांढरं होतं, कारण सगळं ढगाळ आकाश त्याच्यावर चमकत होतं. फिल्टर हळूहळू फिरवला तसा तो पांढरा थर एका टोकाकडून पुसत गेला आणि खालचा पोपटी रंग, मधली शीर, कडेचा किड्याने कातरलेला तुकडा, सगळं वर आलं. शेजारचा काळा बेसॉल्ट आधी पत्र्यासारखा चमकत होता, त्याच्यावरचं शेवाळ दिसायला लागलं. शिवाय दीड स्टॉप कमी झाल्यामुळे शटर संथ झालं आणि पाण्याला हवा तसा ओघ आला. कासच्या पठारावर सोनकी आणि तेरड्याच्या ताटव्यांनाही हेच लागू: ढगाळ सकाळी फिल्टर, कडक ऊन आणि कोरं आकाश असेल तर जपून.

पाण्यावर मात्र वाइड लेन्सचा आणखी एक पेच आहे. पाण्यावरचं प्रतिबिंब सर्वांत जास्त कापलं जातं ते लंबापासून ५३ अंशांच्या तिरप्या कोनात, म्हणजे आपली नजर क्षितिजाखाली साधारण ३७ अंश झुकलेली असताना. रुंद फ्रेममध्ये पायाजवळचं पाणी, हे मधलं पाणी आणि दूरचं पाणी सगळं येतं. मधला भाग आरपार दिसतो, दूरचा चकाकत राहतो, आणि तळ्याच्या मधोमध काळं भोक पडल्यासारखं वाटतं. प्रतिबिंबाचाच फोटो हवा असेल तर फिल्टर उलट टोकाला फिरवा किंवा काढा. तळ दाखवायचा असेल तर कॅमेरा खाली झुकवा आणि दूरचं पाणी फ्रेमबाहेर ठेवा.

हीच गोष्ट सी. व्ही. रामन यांनी बोटीच्या कठड्यावरून केली होती. १९२१ साली ते ‘नारकुंडा’ बोटीने इंग्लंडहून परतत होते. निकोल प्रिझम (स्फटिकाचा जुना पोलरायझर) त्या नेमक्या कोनात धरून त्यांनी समुद्रावरचं आकाशाचं प्रतिबिंब विझवलं आणि पाहिलं, तर समुद्र आणखीच निळा दिसला. म्हणजे निळाई आकाशाची उसनी नाही, पाण्याची स्वतःची आहे. त्याविषयीचं पत्र त्यांनी सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरातूनच ‘नेचर’ला लिहिलं. कोकणच्या किनाऱ्यावर पोलरायझर फिरवताना मला हे दरवेळी आठवतं.

इंद्रधनुष्याबद्दल एक सूचना. इंद्रधनुष्याचा प्रकाश कमानीच्या दिशेने ध्रुवीकृत असतो. वाइड लेन्समध्ये पूर्ण कमान घेतली तर फिल्टरच्या एका स्थितीत माथा उजळतो आणि पाय पुसले जातात, दुसऱ्या स्थितीत उलटं होतं. अख्खी कमान हवी असेल तर फिल्टर काढा. कमान बऱ्याचदा काही मिनिटांतच विरते, तेव्हा आधी काढा आणि मग फ्रेम लावा.

रिंगचे किरकोळ त्रास

चारही कोपरे काळे येत असतील तर बहुतेक वेळा यूव्ही फिल्टरवर पोलरायझर चढवलेला असतो. यूव्ही काढा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी राहिलं तर स्लिम रिंगचा पोलरायझर घ्या. त्याहून चांगलं म्हणजे एक माप मोठा घ्या: ७७ मिमीच्या लेन्सला ८२ चा फिल्टर आणि मध्ये स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी जोडरिंग). पुढे लेन्स बदलली तरी तोच फिल्टर चालतो. यात हूड बसत नाही, तेव्हा तिरप्या उन्हात हाताची सावली धरावी लागते. काही स्लिम फिल्टरना पुढे आटे नसतात, त्यावर नेहमीचं झाकण बसत नाही आणि चालताना पडून जातं, हे विकत घेतानाच पाहून घ्या. पुढची काच फुगीर असलेल्या अतिवाइड लेन्सवर पुढून गोल फिल्टर बहुधा बसतच नाही.

फोकस केल्यावर परिणाम बदलतो अशी तक्रार असेल, तर लेन्सचा पुढचा भाग फोकसबरोबर फिरतोय. जुन्या किट लेन्समध्ये हे सर्रास असतं. आधी फोकस करा, तो लॉक करा, मग फिल्टर फिरवा. कॅमेरा आडव्याचा उभा केला तरी फिल्टर पुन्हा फिरवावा लागतो, हे घाईत हमखास राहून जातं.

काहीच परिणाम दिसत नसेल तर फिल्टर लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर धरा, लेन्सवर लावतो तीच बाजू आपल्याकडे ठेवून, आणि फिरवा. एका स्थितीत पडदा सगळीकडे सारखा काळा झाला तर फिल्टर निरोगी आहे. मध्येच ढगाळ ठिपके किंवा फिकट कडा दिसल्या तर आतली फिल्म सुटायला लागली आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फिल्टरचं असं होतं.

आणि फिल्टर लेन्सवर घट्ट अडकला, समुद्राच्या दमट खाऱ्या हवेत तर हटकून अडकतो, तर बोटांनी आवळून फिरवू नका. आवळल्यावर पातळ रिंग लंबगोल होते आणि आटे आणखी धरतात. रिंगभोवती रुंद रबरबँड गुंडाळा, किंवा रबरी चपलेचा स्वच्छ तळवा रिंगवर सपाट टेकवा, आणि तळहाताने हलका सारखा दाब देत डावीकडे फिरवा. बहुतेक वेळा सुटतो.